इथंच बनलेले सिनेमे इथल्याच म्हाताऱ्यांना दाखवायचेत (कोल्हापूर) – सल्ला हवा

सुतारकन्या

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आमच्या पेठेत ज्येष्ठ नागरिक संघ आहे. तालमीमागच्या हॉलमध्ये सकाळी व्यायाम, गुरुवारी भजन, आणि महिन्यातून एकदा कुणीतरी डॉक्टर येऊन गुडघ्यांवर बोलतात. गेल्या बैठकीत एक आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गुडघ्यावरचं ऐकून ऐकून माझा बरा गुडघा पण दुखाय लागलाय. सिनेमा दाखवा की." टाळ्या पडल्या, ठराव झाला, आणि संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप मी चालवते म्हणून काम माझ्या गळ्यात आलं.

आता कुठलेही सिनेमे आणून लावण्यापेक्षा फक्त कोल्हापुरात बनलेले लावावेत असं माझ्या डोक्यात आहे. कारण घरातलंच. माझे बाबा ८४ वर्षांचे. तरुणपणी स्टुडिओत सेटिंगला सुतार होते. टीव्हीवर जुना मराठी सिनेमा लागला की ते गोष्ट बघतच नाहीत. "तो खांब पोकळ हाय." "ह्या दाराच्या मागं काय न्हाई, मी बसून डबा खाल्लाय तिथं." आई वैतागायची. पण आमच्या गल्लीत असे बरेच आहेत. कुणी मावळा होऊन तीन दिवस भाला धरून उभा राहिलेला, कुणाच्या वडिलांचा टांगा शूटिंगला गेलेला, एक काका टॉकीजचे डोअरकीपर.

आणि गावाकडे माल कमी नाही. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथंच स्वतःच्या हातांनी घडवला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० चा. त्याच कंपनीत तयार झालेली माणसं बाहेर पडली आणि १ जून १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी निघाली, तीही इथंच. १९३३ ला ती पुण्याला गेली, पण त्याआधी १९३२ चा 'अयोध्येचा राजा', म्हणजे मराठीतला पहिला बोलपट, कोल्हापुरातच बनला. पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ. एवढं सगळं असून आमच्या संघात गेल्या दहा वर्षांत एकदाही पडदा लागलेला नाही.

बेत असा: तीन रविवार, साठ-सत्तर माणसं, तिकीट नाही. पहिल्या रविवारी 'अयोध्येचा राजा', दुसऱ्या रविवारी 'साधी माणसं', तिसऱ्या रविवारी गावातल्या हल्लीच्या पोरांनी केलेले लघुपट.

मला सिनेमा दाखवण्यातलं शून्य कळतं. आवाज, परवानग्या, वेळ, काय काय बघावं लागेल? प्लीज लिहा.

मिसळसम्राट

नाद खुळा ताई! प्रोजेक्टर आणि पडदा आमच्या मंडळाकडं हाय, गणपतीशिवाय धूळच खातोय. फुकट नेवा. फक्त वायरीला हात लावू नका, आमचा एक कार्यकर्ता येऊन जोडंल.

टीकाराम

सगळं यूट्यूबवर आहे. नातवंडांना सांगा मोबाईलवर लावून द्यायला. हॉल, प्रोजेक्टर, परवानग्या, कशाला हा खटाटोप?

डोंबिवलीकर_आजोबा

टीकाराम, वय वर्षे ७८ असलेल्या माणसाचं उत्तर घ्या. मोबाईलवर सिनेमा दिसतो, शेजारी बसलेला माणूस दिसत नाही. बायको गेल्यापासून घरात टीव्हीसमोर मी एकटाच असतो. हसू आलं तरी कुणाकडे बघून हसायचं?

सुतारकन्याताई, मी १९६५ ते ६८ कोल्हापुरात शिकायला होतो. उमा, व्हीनस, शाहू, पद्मा, सगळीकडे खालच्या वर्गात बसलोय. आता प्रेक्षक म्हणून आमच्या गरजा सांगतो, लाजायचं कारण नाही.

वेळ दुपारी ३. संध्याकाळी ठेवलात तर परत जाताना अंधार होतो आणि निम्मी माणसं येणारच नाहीत. रात्रीचं वाहन आमच्यापैकी कुणी चालवत नाही.

मध्यंतर पाऊण तासाला. दीड तास बसणं मला जमत नाही आणि मधेच उठून सगळ्यांच्या गुडघ्यांवरून जायची लाज वाटते. माझ्या वयाचे कितीतरी पुरुष केवळ ह्या एका कारणासाठी थिएटरला जायचे बंद झालेत, पण सुनेला असं सांगता येत नाही, म्हणून "हल्लीचे सिनेमे बघवत नाहीत" म्हणतात. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर हवं, तिथला दिवा चालू हवा, आणि कडी आतून लागत असावी.

खुर्चीला हात हवेत. प्लॅस्टिकची बिनहाताची खुर्ची असली की उठताना धरायला काही नसतं.

पूर्ण काळोख नको. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना उजेडातून अंधारात आल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही. जायच्या वाटेवर खालच्या बाजूला एखादा मिणमिणता दिवा ठेवा. आणि वायरी चिकटपट्टीने जमिनीला पक्क्या करा.

चहा दोन किटल्यांत, एक बिनसाखरेचा. किटलीवर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर सगळे "चालतंय हो एक दिवस" म्हणून गोडच घेतात. मीही घेतो.

सुतारकन्या

आजोबा, साष्टांग नमस्कार. कडीचं तर माझ्या डोक्यातच आलं नसतं. आमच्या हॉलची कडी खरंच लागत नाही, आत्ताच बघून आले.

कानसेन

मी पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करतो, म्हणून आवाजाचं सांगतो.

पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवणं. उतारवयात कान सरसकट कमी होत नाहीत, आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. म्हणजे स्वर ऐकू येतात, पण स, श, त, क, फ ही व्यंजनं निसटतात. माणूस म्हणतो, "आवाज येतोय पण कळत नाही." अशा वेळी नुसता आवाज मोठा केलात तर धडधड वाढते, शब्द तसेच धूसर राहतात, आणि श्रवणयंत्र लावलेली माणसं कान धरून बाहेर येतात.

खालची धडधड कापा. गणपतीतले ते मोठे बेसचे खोके तर आणूच नका (मिसळसम्राट, माफ करा). दोनअडीच हजार हर्ट्झच्या आसपास थोडं उचला, बोलणं तिथे उमटतं. पडद्याशेजारी दोन मोठे स्पीकर लावण्याऐवजी चार छोटे, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, दोन्ही भिंतींशी. जवळून हळू आवाज हा लांबून मोठ्या आवाजापेक्षा नेहमी स्पष्ट असतो.

जुन्या बोलपटांत मुळातच खरखर असते. १९३२ साली पार्श्वगायन नव्हतं, नट कॅमेऱ्यासमोर उभे राहून स्वतः गायचे आणि ते तिथेच मुद्रित व्हायचं. दुर्गाबाई खोटे आणि गोविंदराव टेंबे जे गातात ते त्या क्षणाचं आहे. खरखर पूर्ण पुसायला गेलात तर आवाजाचा जीवही जाईल. थोडी राहू द्या.

तालमीमागचा हॉल म्हणजे फरशी, पत्रा आणि घुमणारा आवाज. खाली सतरंज्या आणि भिंतींना जाड पडदे. तेही नसतील तर लग्नाच्या मंडपवाल्याकडून कनाती आणा, स्वस्तात काम होतं.

आणि मराठी सिनेमाला मराठी अक्षरं लावा, म्हणजे सबटायटलं. लोक हसतील, "आम्हाला मराठी कळत नाही का?" म्हणतील. पण दहा मिनिटांनी सगळे वाचत असतील. अक्षरं मोठी, पिवळी, काळ्या पट्टीवर, एका वेळी दोनच ओळी.

मिसळसम्राट

बेसचा खोका आमच्या मंडळाची शान हाय. पण आज्ज्यांसाठी सोडला.

वकीलीणबाई

हक्कांबद्दल थोडं. हा फुकटचा सल्ला आहे, त्याच मापाने घ्या.

आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क तो प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं असतो. 'अयोध्येचा राजा' त्यातून केव्हाच बाहेर पडलाय. 'साधी माणसं' १९६५ चा, म्हणजे त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. तुमचा दुसरा रविवार त्यानंतर आला तर सिनेमापुरतं तुमचं नशीब जोरावर.

पण गाणी, कथा, संगीत यांचे हक्क वेगळे धरतात आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. गीतकार जगदीश खेबूडकर २०११ साली गेले. तेव्हा गाणी सुटी काढून सभागृहात वाजवायची, कुणाला त्यावर नाचायला लावायचं, व्हिडिओ करून टाकायचा, असलं काही करू नका. ज्यांच्याकडे सिनेमा आहे त्यांना दोन ओळींचं पत्र पाठवाच. साठ म्हाताऱ्यांसाठी कुणी नाही म्हणत नाही, आणि फाइलही चांगली मिळते.

लघुपटांचं उलट. हक्क त्या मुलांचेच, त्यामुळे लेखी संमती सोपी. पण सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. रस्त्यावर फ्लेक्स लावून गावाला बोलावू नका. स्थानिक वकिलाला एकदा विचारून घ्या.

लघुपटवाला

वाचून भारी वाटलं. मी कोल्हापूरचाच. आमचा ग्रुप आहे, मोबाईलवर शूट करतो. ज्येष्ठांच्या विषयावर आमच्याकडे अकरा शॉर्टफिल्म्स आहेत! सगळ्या पाठवतो. खूप इमोशनल आहेत.

सुतारकन्या

(तीन आठवड्यांनी)

उशिरा लिहितेय. लघुपटवाल्या दादांनी अकराच्या अकरा पाठवले, त्यांचे मनापासून आभार. संघाने निवड समिती नेमली. चार आज्ज्या, तीन आजोबा, आणि रिमोट धरायला मी.

पहिल्या लघुपटात एक आजोबा खिडकीत बसून मुलाच्या फोनची वाट बघतात आणि शेवटी जातात. दुसऱ्यात एक आजी वृद्धाश्रमात दिवाळीची वाट बघते आणि जाते. तिसऱ्यात आजोबा बाकावर बसलेले असतात, बासरी वाजते, आणि बाकावर फक्त चष्मा उरतो. चौथा सुरू झाला, बासरी वाजली, तशा गुडघेवाल्या आजी म्हणाल्या, "थांबव बाई. हा बी मरतोय बघ." आणि पैजा लागल्या. पाचव्यात कितव्या मिनिटाला जाणार, आजी आधी की आजोबा. मी हसून हसून रिमोट खाली पाडला.

अकरापैकी आठांत शेवटी मरण. एकात स्मृतिभ्रंश. समितीचा निकाल, माझ्या शब्दांत नाही, त्यांच्या: "आमाला मारायची एवढी घाई कशाला?"

उरलेले दोन पसंत पडले. एक पंचगंगेच्या घाटावर म्हशी धुणाऱ्या माणसावर, सहा मिनिटांचा, एक शब्द नाही. दुसरा चपलेच्या दुकानात कापशी (कोल्हापुरीतलाच एक प्रकार) चप्पल परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाची भांडाभांडी. तो तर तीनदा लावायला लावला. त्यातला दुकानदार कर्र आवाज करणारी चप्पल हातात धरून जे बोलतो त्यावर एक आजोबा खुर्चीवरून उठून उभे राहिले.

लघुपटवाला

राग मानू नका, पण हे थोडं लागलं. आम्ही एकटेपणावर काम केलंय. तो खरा प्रश्न नाही का? फक्त विनोदी दाखवायचं का?

डोंबिवलीकर_आजोबा

लघुपटवाले, एकटेपणा खरा आहे. पण तुमच्या फिल्मला बक्षीस देणारे परीक्षक चाळिशीतले असतात, आणि त्यांना स्वतःच्या आईवडिलांची आठवण येऊन रडू येतं. ती फिल्म त्यांच्यासाठी आहे. आम्ही एकटे असतो तेव्हा खिडकीत बसून बासरी ऐकत नाही हो. वीजबिलावरून भांडतो, शेजाऱ्याच्या कुत्र्याला शिव्या देतो, लॉटरीचं तिकीट काढतो, औषधाची गोळी घेतली का नाही हे आठवत नाही म्हणून पाकीट मोजतो. त्यात कितीतरी गंमत आहे. ते दाखवा.

बेळगावी_कुंदा

आमच्याकडे एका देवळाच्या सभामंडपात असाच प्रयोग केला होता. एक सांगते. सिनेमा चालू असताना लोक बोलतात, बोलू द्या. आम्ही "शांतता राखा" करत बसलो आणि दुसऱ्या वेळी दहाच माणसं आली.

टीकाराम

बोलायचंच असेल तर सिनेमा कशाला लावायचा?

बेळगावी_कुंदा

बोलायला विषय नको का?

सुतारकन्या

(झालं एकदाचं. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.)

पहिला रविवार. अठ्ठेचाळीस माणसं. कनाती लावल्या होत्या, आवाज कानसेनांनी फोनवरून सांगितला तसा केला. 'अयोध्येचा राजा' मला वाटलं होतं त्यापेक्षा जड गेला. हरिश्चंद्राची कथा सगळ्यांना पाठ, पण नाटकी बोलणं आणि लांब गाणी. अर्ध्या तासात चार जण घोरत होते. पिवळी अक्षरं मात्र जादूसारखी चालली. एक आजी तर अक्षरं मोठ्याने वाचत होत्या, शेजारच्या आजींना दिसत नव्हतं म्हणून. आधी मी त्यांना गप्प करायला उठले, मग कुंदाताईंचं आठवलं आणि खाली बसले.

मध्यंतरात मी तीन मिनिटं बोलले, की हे प्रभातने इथं केलंय, अजून पुण्याला गेले नव्हते तेव्हा. इतकंच. तर एक आजोबा म्हणाले, "माझा बा तिथं पाणी भरायचा." सगळ्यांच्या माना वळल्या. ते पंधरा मिनिटं बोलले. पाणी कुठून यायचं, किती हंडे, शूटिंग चालू असताना बादलीचा आवाज केला म्हणून कसा मार खाल्ला. मध्यंतर पाऊण तासाचं झालं. उरलेला सिनेमा कुणालाच नको होता. तसाच राहिला. चार जण जागे झाले आणि "संपला?" म्हणाले.

त्यावरून दुसऱ्या रविवारी मी बेत बदलला. सिनेमा सलग लावायचाच नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबवायचा, दिवे थोडे वाढवायचे, आणि कुणाला काही सांगायचं असेल तर माईक फिरवायचा. कानसेनांनी आधी नाक मुरडलं, पण ऐकलं.

'साधी माणसं'ला एकाहत्तर माणसं. तीन खुर्च्या मोडल्या, बाकी क्षेम. 'ऐरणीच्या देवा तुला' हे लोहाराच्या भट्टीचं गाणं सुरू झालं आणि हॉलमधला प्रत्येक जण गायला लागला. सबटायटलं कुणी बघितली नाहीत. एरवी कुणाशी बोलत नाहीत अशा एक आजी आहेत, मुलीलाही कधीकधी ओळखत नाहीत. त्यांनी सगळी कडवी शब्द न चुकता म्हटली. त्यांची मुलगी माझ्याकडे बघत होती, मी दुसरीकडे बघितलं.

थांबवलं तेव्हा माईक घेतला एका लोहारआजीनं. सत्तरीच्या. म्हणाल्या, "मी सांगतो" (आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलतात, पुण्याच्या मंडळींनी दचकू नये). त्यांनी सांगितलं की नवरा घण मारायचा आणि त्या भाता ओढायच्या, पोटुशी असताना पण. सिनेमात ते लई देखणं दिसतं, घरात घाम आणि धूर. पण हे गाणं रेडिओला लागलं की नवरा मुद्दाम घणाचा ताल त्यावर धरायचा. एवढं बोलून माईक पुढे दिला.

बाबा? बाबा पहिल्या रविवारी आलेच नाहीत. "माझ्या आधीचा सिनेमा, मला काय त्यात." दुसऱ्या रविवारी आले, मागं बसले, काही बोलले नाहीत. माईक दिला तर मान हलवली. घरी येताना रिक्षात म्हणाले, "भिंतीला रंग नीट मारला नव्हता त्या." झालं समीक्षण.

घर जवळ आल्यावर मात्र त्यांनी रिक्षा वळवायला लावली. खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा कॅमेरा स्तंभ आहे ना, तिथे. खाली उतरले नाहीत. बघितलं आणि म्हणाले, "'सैरंध्री' लाव की एकदा." मी सांगितलं, बाबा, तो आता बघायला मिळत नाही, बहुतेक मूकपट नाहीसे झालेत. ते बराच वेळ गप्प होते. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्या ऑगस्टच्या रात्रीही असेच होते. मग म्हणाले, "जपून ठेवायचं काम सुताराला दिलं असतं तर पेटी तरी नीट केली असती."

मिसळसम्राट

तात्या एक नंबर. 🙏

वकीलीणबाई

एकाहत्तर माणसं, आणि मला वाटलं होतं कॉपीराइटचा मुद्दा हाच अवघड भाग असेल.

लघुपटवाला

तिसऱ्या रविवारी मी आलो होतो, ताईंनी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. म्हशीची फिल्म संपल्यावर एक आजोबा जवळ आले आणि त्या म्हशींची किंमत, वेत, मालक कोण, सगळं विचारलं. मला एकही उत्तर आलं नाही. त्यांनी मला घाटावर बोलावलंय. पुढच्या फिल्मचा विषय ठरलाय: ते आणि त्यांचे मित्र रोज सकाळी रंकाळ्यावर राजकारणावरून जे भांडतात ते. बासरी नाही. कुणी मरत नाही. एक जण फक्त रागाने बाकावरून उठून जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो.

डोंबिवलीकर_आजोबा

पुढच्या वेळी मला कळवा. महालक्ष्मी एक्सप्रेसने येतो. कडी दुरुस्त झाली का?

सुतारकन्या

झाली! बाबांनीच बसवली, आणि आता इतकी घट्ट लागते की आतून उघडायला जोर लावावा लागतो. उद्या परत सैल करणार आहेत.

पुढचा खेळ होळीनंतरच्या रविवारी. हाताच्या खुर्च्या पन्नास कुणाकडे मिळतील का? मंडपवाला बिनहाताच्याच देतोय. आणि खुर्च्या लावायला चार पोरं दुपारी २ ला हवीत.

मिसळसम्राट

पोरं आणतो. खुर्च्यांचं बघतो. चहा गोडाचा ठेवा.